खिडकी की ओळ? संगणकाचे काम कोणत्या मार्गाने करावे आणि सॉफ्टवेअर सोपे आहे की नाही हे कसे तपासावे

आमच्या गावच्या वाचनालयाने सुवर्णमहोत्सवाची जुनी छायाचित्रे स्कॅन करून घेतली, तेव्हा संगणकात ६१२ फायली जमा झाल्या. प्रत्येक फाइलचे नाव ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडी क्रमांक असे होते. त्याच क्रमांकाने एका नोंदवहीत छायाचित्रातील व्यक्तींची नावे लिहिलेली होती. फायलींना ओळखता येईल असे नाव देण्याचे काम माझ्याकडे आले. मी सगळ्या फायली निवडल्या, एफ-२ ही कळ दाबली, नवे नाव लिहिले आणि एंटर दाबले. अर्ध्या मिनिटात काम झाले म्हणून मी समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी नोंदवही समोर धरून विचारले, “अहो, १४७ क्रमांकावर अध्यक्षांचे भाषण लिहिले आहे, इथे तर पंगत दिसते आहे.” स्कॅन करताना दुबार आलेल्या काही फायली आधीच काढून टाकलेल्या होत्या. संगणकाने जुने क्रमांक विचारात न घेता एकपासून नवी मोजणी केली होती, त्यामुळे पहिल्या गाळलेल्या फाइलपासून पुढचा प्रत्येक क्रमांक सरकला होता.

चित्रमय पद्धत वाईट आणि आदेश लिहिण्याची पद्धत चांगली, असे या प्रसंगावरून कोणी समजू नये. मी वापरलेल्या साधनाने काम करण्यापूर्वी ते काय करणार आहे हे दाखवले नाही आणि मीही विचारले नाही. चूक तिथे झाली. वापरायला सोपे सॉफ्टवेअर म्हणजे काय, याचे माझे उत्तर त्या दिवसापासून बदलले. जे सॉफ्टवेअर करण्यापूर्वी सांगते, केल्यानंतर दाखवते आणि चुकल्यास मागे येऊ देते ते सोपे. मग ते चित्रांनी चालो वा अक्षरांनी. पुढील मार्गदर्शन याच कसोटीवर उभे आहे. त्यात आधी मार्ग निवडण्याची रीत आहे, मग तेच नामांतराचे काम दोन्ही मार्गांनी कसे करावे ते आहे आणि शेवटी एखादे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी ते कसे पारखावे ते आहे.

दोन मार्गांची थोडी ओळख

चित्रमय पद्धतीत पडद्यावर खिडक्या, बटणे, मेनू आणि आयकॉन असतात आणि आपण माउसने किंवा बोटाने त्यांवर क्लिक करतो. आदेशपद्धतीत टर्मिनल नावाची खिडकी उघडते. बहुतेक जण तिला ‘काळा पडदा’ म्हणतात. तिथे एक ओळ लिहून एंटर दाबले की काम होते.

आदेशपद्धत ज्या काळात घडली त्याच्या खुणा तिच्यावर आजही आहेत. युनिक्स ही प्रणाली १९६९ पासून अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवली. त्या काळी पडद्याऐवजी टेलिटाइप नावाचे टंकयंत्र जोडलेले असे आणि ते कागदावर सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापत असे. एवढ्या संथ यंत्रावर लांब नावे परवडत नव्हती, म्हणून फायलींची यादी दाखवणारा आदेश ‘एलएस’, प्रत काढणारा ‘सीपी’ आणि नाव बदलणारा ‘एमव्ही’ असा दोन अक्षरांत आटोपला. काम नीट झाले तर काहीच छापायचे नाही, हा रिवाजही तिथे शोभून दिसत होता. यंत्रे वेगवान झाली तरी तो अबोलपणा टिकून राहिला. नवखा माणूस एंटर दाबतो, पडद्यावर काहीच येत नाही आणि काम झाले की नाही हे त्याला कळत नाही.

चित्रमय पद्धतीचा पाया ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी माउससह करून दाखवलेल्या प्रात्यक्षिकाने घातला. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो हा संगणक तयार झाला आणि १९८४ च्या ॲपल कंपनीच्या मॅकिन्टॉश (मॅक) संगणकाने ही पद्धत घराघरांपर्यंत नेण्यास सुरुवात केली. तिचे खरे बळ स्मरणशक्तीशी जोडलेले आहे. वाटेत भेटलेल्या माणसाचा चेहरा आपण चटकन ओळखतो, पण त्याचे नाव ओठांवर येत नाही. मेनूत समोर दिसणारा शब्द ओळखायचा असतो, तर टर्मिनलमध्ये आदेश आठवावा लागतो. ओळखणे सोपे आणि आठवणे अवघड, हा नियम शिकलेल्या माणसालाही तितकाच लागू पडतो.

पहिली पायरी: काम कोणत्या जातीचे आहे ते ठरवा

संगणकासमोर बसण्यापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात.

निर्णय डोळ्यांनी घ्यायचा आहे का, हा पहिला प्रश्न. ६१२ छायाचित्रांतून अस्पष्ट आलेली वेगळी काढणे, तिरपी स्कॅन झालेली सरळ करणे किंवा निमंत्रणपत्रिकेची मांडणी करणे ही कामे चित्रमय पद्धतीचीच आहेत. टर्मिनलमध्ये ती करण्याचा अट्टहास निव्वळ वेळ घालवणारा ठरतो.

दुसरा प्रश्न असा, की हे काम एका वाक्यात नियम म्हणून सांगता येते का? ‘नावातील आयएमजी काढून तिथे सुवर्ण१९८७ घाला, पुढचा क्रमांक आहे तसाच ठेवा’ हे वाक्य स्पष्ट आणि अपवादरहित आहे. असे वाक्य जमले की फायली सहा असोत वा सहा हजार, आदेशाला फरक पडत नाही. वाक्य जमत नसेल आणि मध्येच ‘पण बघून ठरवू’ असे म्हणावे लागत असेल, तर ते काम खिडकीचे, म्हणजे चित्रमय पद्धतीचे, समजावे.

तिसरा प्रश्न म्हणजे हे काम पुन्हा करायचे आहे का, किंवा दुसऱ्याला सांगायचे आहे का? फोनवर एखाद्याला “वर उजवीकडे चाकासारखे चिन्ह दिसते ना, ते दाबा, आता डावीकडे बघा” असे सांगताना किती दमछाक होते हे घरातल्या प्रत्येक तरुण मुलामुलीला ठाऊक आहे. आवृत्ती बदलली की ते चाकही जागा बदलते. आदेशाची ओळ मात्र जशीच्या तशी पाठवता येते, जपून ठेवता येते आणि वर्षभराने तीच पुन्हा चालवता येते. वर्षातून एकदाच, एकट्याने, चार फायलींवर करायचे काम असेल तर आदेश शिकण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: कोणत्याही मार्गाने जाण्यापूर्वी प्रत आणि मोजणी

मूळ फोल्डरची एक प्रत दुसऱ्या जागी, शक्यतो वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावी. मग फायली किती आहेत ते कागदावर लिहावे. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ही संख्या खिडकीच्या तळाशी दिसते. काम संपल्यावर हीच संख्या पुन्हा आली पाहिजे. याशिवाय ओळखीच्या दोन-तीन फायली निवडून त्यांत काय आहे तेही लिहून ठेवावे: १४७ म्हणजे अध्यक्षांचे भाषण. संख्या जुळूनही मजकूर सरकू शकतो हे मी वर सांगितलेच आहे, त्यामुळे केवळ मोजणीवर विसंबून राहू नये.

तिसरी पायरी: खिडकीतून नामांतर

एक्सप्लोररमध्ये कंट्रोल-ए दाबून सर्व फायली निवडणे आणि एफ-२ दाबून नाव लिहिणे हा सर्वांत जवळचा मार्ग आहे. मात्र संगणक नावापुढे कंसात १, २, ३ असे नवे क्रमांक घालतो. जुने क्रमांक जपायचे नसतील तरच तो वापरावा. आणखी एक अडचण अशी, की या क्रमांकांपुढे शून्ये नसतात. एक्सप्लोरर त्यांची मांडणी नीट करतो, पण त्याच फायली दुसऱ्या उपकरणावर किंवा संकेतस्थळावर चढवल्या की क्रम १, १०, १००, २ असा लागू शकतो. चूक लगेच लक्षात आली तर कंट्रोल-झेड दाबून मागे येता येते. ही सोय खिडकीच्या बाजूने मोठी आहे.

जुने क्रमांक टिकवायचे असतील तर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत संचातील पॉवररीनेम हे साधन घ्यावे. त्यात ‘काय शोधायचे’ आणि ‘त्याजागी काय घालायचे’ अशा दोन चौकटी असतात आणि शेजारी जुने नाव आणि नवे नाव अशी यादी आधीच दिसते. मॅकच्या फाइंडरमध्येही अनेक फायली निवडून राइट क्लिक केल्यावर नावातील मजकूर बदलण्याची सोय मिळते. पहिल्या दिवशी मी पॉवररीनेम वापरले असते तर नोंदवही जुळली असती. नियम सांगता येणे आणि परिणाम आधी दिसणे, या दोन्ही गोष्टी खिडकीतही असू शकतात, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

चौथी पायरी: तेच काम आदेशाने

विंडोजमध्ये पॉवरशेल, म्हणजे आदेश लिहून काम करण्याची टर्मिनलमधील सोय, आधीपासूनच असते. टर्मिनल उघडून फोल्डरपर्यंत पोहोचण्यातच पुष्कळांचा धीर सुटतो, म्हणून सोपी वाट सांगतो. एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत पॉवरशेल हा शब्द इंग्रजीत लिहा आणि एंटर दाबा. टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडते. मॅकवर ‘सीडी’ आणि एक मोकळी जागा लिहून फोल्डर माउसने ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडला की त्याचा पत्ता आपोआप उमटतो. मग एंटर दाबावे. मॅकवर इथपर्यंतचीच वाट उपयोगी पडेल, कारण पुढील ओळ पॉवरशेलची आहे.

आता आदेश. तो प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायचा आहे. येथे उच्चाराप्रमाणे देतो:

गेट-चाइल्डआयटम -फिल्टर आयएमजी_*.जेपीजी | रीनेम-आयटम -न्यूनेम { $_.नेम -रिप्लेस 'आयएमजी_','सुवर्ण१९८७_' } -व्हॉटइफ

ओळ लांब दिसली तरी ती तुकड्यांनी वाचावी. पहिला तुकडा आयएमजीने सुरू होणाऱ्या जेपीजी फायली गोळा करतो. तारकाचिन्हाचा अर्थ ‘मध्ये काहीही असो’ असा आहे. उभी रेघ म्हणजे जोडनळी. डाव्या बाजूने आलेल्या फायली ती उजव्या बाजूच्या हाती सोपवते. अशी जोडणी युनिक्समध्ये १९७३ साली बेल लॅब्जमधीलच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे आली आणि आदेशपद्धतीची निम्मी ताकद तिच्यात आहे, असे मी मानतो. महिरपी कंसात नियम लिहिलेला आहे. डॉलरचे चिन्ह आणि त्याला चिकटलेली अधोरेघ म्हणजे ‘आता हातात असलेली फाइल’. तिच्या नावातील जुना शब्द काढून नवा घातला जातो आणि पुढचा क्रमांक अबाधित राहतो. मूळ नावांत टिंब किंवा कंस शोधायचे असतील तर सावध राहावे, कारण ‘रिप्लेस’ या शब्दासाठी त्या चिन्हांना विशेष अर्थ आहेत.

स्पेलिंग पाठ करण्याची गरज नाही. ‘गेट-चाइ’ एवढ्याची इंग्रजी अक्षरे लिहून टॅब दाबली की उरलेला शब्द पॉवरशेल पुरा करते. चुकीचा शब्द आला तर पुन्हा टॅब दाबावी, पुढचा पर्याय येतो. आठवण्याचे ओझे ओळखण्यावर आणणारी ही युक्ती ज्याला सापडली त्याची काळ्या पडद्याची भीती निम्मी होते, असे मी वाचनालयातील दोन्ही सहायकांच्या बाबतीत पाहिले.

ओळीतील सर्वांत मोलाचा शब्द शेवटचा आहे. ‘व्हॉटइफ’ म्हणजे ‘केले तर काय होईल ते सांग, करू मात्र नकोस’. एंटर दाबल्यावर प्रत्येक फाइलचे जुने आणि नवे नाव पडद्यावर येते, पण एकही फाइल बदलत नाही. ही यादी घाईने सरकवू नका. पहिल्या पाच, शेवटच्या पाच आणि आपल्या खुणेच्या फायली वाचा. ग्रंथपालबाई माझ्या शेजारी बसून नोंदवहीशी ताडून पाहत होत्या आणि १४७ समोर १४७ दिसल्यावरच त्यांनी “हं, आता करा” असे म्हटले.

खात्री पटली की वरचा बाण दाबावा, मागची ओळ परत येते. शेवटचा शब्द खोडून एंटर दाबावे. पडद्यावर काहीच उमटणार नाही आणि ते ठीक आहे. मग फायलींची संख्या मोजावी आणि खुणेच्या फायली उघडून पाहाव्यात.

आदेशाला सहसा कंट्रोल-झेड नसते, हे मनावर कोरून ठेवावे. परतीची वाट आपणच आधी आखायची. वरील आदेशात जुने आणि नवे नाव यांची अदलाबदल केली, फिल्टरमध्येही नवे नाव घातले, की सर्व पूर्ववत होते. म्हणून उलटा आदेशही आधीच लिहून ठेवावा. सर्व आदेश सारख्या स्वभावाचे नसतात. पॉवरशेलमध्ये त्या नावाची फाइल आधीच असेल तर नामांतर नाकारले जाते आणि लाल अक्षरांत कारण येते. युनिक्स आणि लिनक्समधील ‘एमव्ही’ मात्र सहसा काही न विचारता जुन्या फाइलवर नवी लिहून टाकतो, म्हणून त्याला ‘उणे आय’ हे पद जोडावे, म्हणजे तो आधी विचारतो. ‘आरएम’ या आदेशाने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती गेलीच. नवशिक्याने पहिले काही महिने हा आदेश हातात घेऊ नये.

पाचवी पायरी: ओळ जपून ठेवा, मराठीत टिपणासह

यशस्वी झालेला आदेश नोटपॅडमध्ये जपावा आणि त्याच्या वर हॅशचे चिन्ह घालून मराठीत लिहावे: ‘स्कॅन केलेल्या फायलींचे नाव बदलण्यासाठी, आधी व्हॉटइफने पाहणे’. हॅशपुढचा मजकूर संगणक वाचत नाही, पण आपल्यानंतर येणारा माणूस वाचतो. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलची ५.१ ही आवृत्ती फाइलमधील देवनागरी चुकीची वाचू शकते. फाइल थेट चालवायची असेल तर ती जतन करताना बीओएमसह यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा, नाहीतर फक्त ओळ नकलून टर्मिनलमध्ये चिकटवावी.

देवनागरीची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. टर्मिनल सारख्या रुंदीच्या चौकटींत अक्षरे बसवते. ही रचना इंग्रजी अक्षरांसाठी झाली. आपली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे त्या चौकटींत मावत नाहीत, त्यामुळे ‘दऱ्या’ किंवा ‘छायाचित्रे’ असे फाइलनाम पडद्यावर फाटलेले दिसू शकते. फाइल बिघडलेली नसते, फक्त तिचे दर्शन बिघडलेले असते. एक्सप्लोररमध्ये उघडून पाहिले की नाव नीट दिसते. मराठी नावे असलेल्या फायलींचे अंतिम निरीक्षण खिडकीतच करावे.

अनोळखी ओळ चिकटवण्याबाबत कडक राहावे. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असे म्हणून विंडोज कळ आणि आर दाबायला लावणारी, आणि मग काहीतरी चिकटवून एंटर दाबा असे सांगणारी फसवी पाने गेल्या काही वर्षांत पसरली आहेत. जी ओळ आपल्याला तुकड्यांनी वाचता येत नाही ती चालवायची नाही, हा नियम घरातल्या सर्वांना सांगावा.

सहावी पायरी: सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी पारख

संस्थेसाठी, दुकानासाठी किंवा शाळेसाठी सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याच्या सादरीकरणावर निर्णय घेऊ नये. ते सादर करणाऱ्याच्या हाताला त्याची सवय असते. जे रोज वापरणार आहेत अशा चार-पाच जणांना बोलवावे. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनीही पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी उघड होतात असे मांडले आहे. प्रत्येकाला एकच खरे काम द्यावे, उदाहरणार्थ ‘एका सभासदाने पुस्तक परत केले, त्याची नोंद करा’, आणि आपण शेजारी गप्प बसावे. गप्प बसणे हाच यातला अवघड भाग आहे. हात थांबला, कर्सर उगाच फिरू लागला, माणूस “आता?” असे पुटपुटला, की ती जागा टिपून ठेवावी.

शब्द विशेष तपासावेत. एका अर्जात मी पाहिलेला प्रश्न असा होता: ‘तुम्हाला अर्ज रद्द करायचा आहे का?’ आणि खाली दोन बटणे होती, ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. ज्याला अर्ज रद्द करायचा आहे तो ‘रद्द करा’ दाबणार आणि अर्ज तसाच राहणार, कारण त्या बटणाचा अर्थ ‘हा प्रश्न बंद करा’ असा होता. इंग्रजीतील शब्द संदर्भाविना मराठीत आणल्याचा हा परिणाम आहे. तिथे ‘हो, अर्ज रद्द करा’ आणि ‘नको, मागे जा’ असे लिहिले असते तर प्रश्नच उरला नसता. त्याचप्रमाणे मुद्दाम चुकीची माहिती भरून पाहावी. ‘अवैध नोंद’ एवढेच उत्तर आले तर ते सॉफ्टवेअर माणसाला वाऱ्यावर सोडते. ‘मोबाइल क्रमांकात १० अंक हवेत, तुम्ही ९ लिहिले आहेत’ असे उत्तर आले तर त्याला हाताला धरून पुढे नेते. देवनागरी अंक लिहिल्यावर काय होते तेही पाहावे, कारण मराठी कीबोर्डवरून ते सहज उमटतात आणि अनेक अर्ज ते नाकारताना कारण देत नाहीत.

माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने काम होते का, हेही तपासावे. दृष्टिहीन व्यक्ती एनव्हीडीए यासारखा पडदावाचक वापरतात. तो बटणाला दिलेले नाव वाचून दाखवतो. नुसतेच चित्र असलेले, नाव न दिलेले बटण त्यांच्यासाठी अस्तित्वातच नसते. अशा ठिकाणी अक्षरांनी चालणारे साधन त्यांना अधिक सोपे जाऊ शकते, आणि ‘सर्वांसाठी सोपे’ हे शब्द वापरताना हे सर्व कोण आहेत याचा विचार करायला लागतो.

आमच्या वाचनालयात आता अस्पष्ट छायाचित्रे बाजूला काढण्याचे काम सहायक खिडकीतून करतात आणि नामांतराची ओळ ग्रंथपालबाई स्वतः चालवतात. ती ओळ त्यांनी नोंदवहीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईने लिहून घेतली आहे आणि तिच्या शेवटच्या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली आहे.